तळ्याच्या अलीकडून

आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला उंची सांगायची तर तोरणमाळ सांगावं लागतं. त्याच्या वर आमची मान सहसा जात नाही. म्हणून मी हिमालयात, बर्फाचं पाणी साठून झालेल्या तळ्यापर्यंत चालत जायचं ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "का, तोरणमाळचा तलाव आटला का?" विचारणारे अर्थातच माझे यजमान. गुडघ्यांच्या निमित्ताने ते स्वतः कुठे जात नाहीत आणि दुसरं कुणी निघालं की त्यांना विनोद सुचतात.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. दरवर्षी फळ्यावर हिमनदी काढायचे. पांढऱ्या खडूने डोंगर, त्यातून उतरणारा बर्फाचा पट्टा, त्याच्या टोकाशी तळं. एखादं पोर हमखास विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलं का?" मी म्हणायचे, "पुस्तकात पाहिलं," आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. निवृत्त झाले तेव्हा घर बांधून झालं होतं, मुलं मार्गी लागली होती आणि मला मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त ते तळं तेवढं पाहायचं होतं. हे मी कुणाला फारसं बोलले नाही. या वयात बाईने तळं पाहायचंय म्हणून हट्ट धरला तर लोक हसतात, आणि हसणाऱ्यांशी भांडायला मला फार आवडतं, त्यात वेळ गेला असता.

परवानगी मिळाली ती भाऊमुळे. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, रनाळ्याला शेती करतो. शेती आता पोराच्या हाती दिली होती, त्यामुळे बांधावर उभं राहून पोराच्या चुका काढण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. "मी जास बाईनी संगे," असं तो एकदा जेवताना म्हणाला आणि प्रश्न मिटला. यजमान खूश, वहिनी खूश, भाचा तर सगळ्यात खूश. भाऊला हिमालयाशी काही देणंघेणं नव्हतं. बहीण एवढ्या लांब एकटी जाते म्हणून तो सोबतीला निघाला होता.

शहादा-नंदुरबारकडच्या ओळखीच्या लोकांचाच गट होता. दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आणि आम्ही. सरावासाठी तोरणमाळचा घाट आम्ही बरेचदा पायी चढलो. भाऊ सगळ्यांच्या पुढे असायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे घराबाहेर पडताना लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, तसा त्याच्या खिशात कायम कांदा. हिमालयात निघतानाही त्याने सॅकमध्ये कांदे भरले. मी म्हटलं, "भाऊ, तठे थंडी ऱ्हास." तो म्हणाला, "सूर्य तं तोच शे ना?"

गाडीरस्ता संपल्यावर दोन दिवस चालून आम्ही शेवटच्या गावात पोहोचलो. लाकूड आणि दगडाची थोडी घरं, खाली गुरं, वर माणसं. उतारावर पायऱ्यांची शेतं आणि त्यांच्या कडेने खळखळत जाणारा पाण्याचा पाट. आम्ही उतरलो होतो त्या घरातली बाई आमच्याच वयाची होती. ती आणि भाऊ लगेच मोडक्यातोडक्या हिंदीत बटाट्यावर बोलायला लागले. बोलता बोलता भाऊने पाटाकडे बोट दाखवून विचारलं, उन्हाळ्यात हे पाणी किती कमी होतं? बाई म्हणाली, कमी कशाला होईल, उन्हाळ्यात तर वाढतं. जितकं ऊन, तितकं पाणी. वरच्या तळ्यातून येतं.

भाऊने मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. रनाळ्यात मे महिन्यात विहिरीच्या तळाशी बादली खरवडताना त्याने सगळा जन्म काढलेला. ऊन वाढलं की पाणी वाढतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मी त्याला बर्फ वितळण्याचं समजावून सांगितलं, तेही त्याने ऐकलं, पण तो पाटाच्या काठावर बसूनच राहिला. पाण्यात हात घालायचा, बधिर झाला की काढायचा, पुन्हा घालायचा. शेवटी म्हणाला, "हाई तळं माले देखनंच शे."

त्या संध्याकाळपासून तळं भाऊचं झालं. गटातही तसंच बोलणं सुरू झालं. भाऊंना तळं दाखवायचंच, भाऊ तळ्याकाठी उभे राहिले की फोटो काढायचा, भाऊ तिथलं पाणी रनाळ्याला नेणार. मलाही ते बोलणं आवडत होतं. त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून मला खरंच बरं वाटत होतं. माझं तळं कुठे गेलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला दिवसभर चढून आम्ही एका मोकळ्या कुरणावर तंबू ठोकले. तिथून तळं एका सकाळच्या वाटेवर. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं गवत आणि दगड, आणि डोळे मिटायला लावणारं लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी तिथेच थांबून हवेची सवय करायची होती. सकाळीच भाऊचं डोकं दुखायला लागलं.

"ऊन लागनं माले," भाऊने जाहीर केलं, आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं. उन्हाच्या बाबतीत खान्देशातल्या माणसाला कोण शिकवणार? कातडी करपवणारं ऊन समोर दिसत होतं, डोकं दुखत होतं, मळमळत होतं. जो तो कामाला लागला. मी कांदा ठेचून त्याच्या तळपायांना चोळला. दुकानदाराने मीठ-साखरेचं पाणी केलं. बँकवाल्या बाईंनी पंचा ओला करून त्याच्या डोक्यावर ठेवला. अंगात दोन-दोन स्वेटर घातलेली आम्ही माणसं उष्माघातावर उपचार करत होतो, आणि यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. आज आठवलं की हसू येतं, पण ते पुरतं येत नाही.

आमचा वाटाड्या खालच्याच गावचा. तळ्याची वाट बर्फाने अडली नाही ना, ते पाहायला तो आपल्या जोडीदाराला घेऊन वर गेला होता. दुपारी परत आला तो ओला पंचा पाहून थबकलाच. त्याने पंचा काढला, भाऊला उभं केलं आणि सरळ रेषेत चालायला सांगितलं. भाऊ उठला, दोन पावलं टाकली आणि डावीकडे झुकत गेला. जन्मभर नांगराच्या मागे सरळ चाललेला माणूस. वाटाड्याने त्याला धरून खाली बसवलं आणि मला म्हणाला, "दीदी, ये धूप नहीं है. हवा कम है. अभी उतारना पड़ेगा, कल नहीं." थांबलं तर काय होतं, असं मी विचारलं. तो खाली बघून म्हणाला की थांबलेली माणसं त्याने पाहिली आहेत. एवढं मला पुरलं.

सामानाचं खेचर तयार झालं. पण भाऊ उठेना. "सकाय तळं देखसूत, मंग उतरसूत," एवढं एकच वाक्य. वाटाड्याने समजावलं, शिक्षकांनी समजावलं, दुकानदाराने औषधांची नावं घेऊन घाबरवून पाहिलं. भाऊ हसत होता. त्याला जॅकेटची चेन लावायची होती आणि ती लागत नव्हती. तो पुन्हा पुन्हा तिचं टोक खाचेत घालत होता आणि ते बाजूलाच जात होतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. त्या क्षणी मला पक्कं कळलं, की हा असाच बसून राहिला तर हा जाईल.

भाऊवर ओरडून उपयोग नसतो. ओरडणाऱ्याची त्याला गंमत वाटते. रडूनही उपयोग नसतो, तो खिशातून लिमलेटची गोळी काढून देतो. मग मला आखाजी आठवली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरवाशिणी माहेरी येतात, आणि त्यांना न्यायला येणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात. मुराळी रिकाम्या हाताने परतत नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भाऊ असाच मला न्यायला आला होता. सासूबाईंच्या कुरडया व्हायच्या होत्या, म्हणाल्या, आठ दिवसांनी पाठवते. भाऊ ओट्यावर जाऊन बसला. चहा घेतला नाही, जेवला नाही, त्या भर उन्हाळ्यात पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही. संध्याकाळी सासूबाईंनीच माझी पिशवी भरली. त्यानंतर कुठल्याच आखाजीला त्यांनी कुरडयांचं नाव काढलं नाही.

मी तंबूसमोर एका दगडावर जाऊन बसले. "भाऊ, ऊठ. मी तुले लेवाले उनी."

"कोठे?"

"घर. मी मुराळी शे."

त्याच्या चेहऱ्यावर एकदम ओळख आली. "वेडी व्हयनी का तू? बाई मानूस कधी मुराळी ऱ्हास का?"

"आज शे. तू उठत नही तोपावत मी पानी बी पेवाव नही."

वाटाड्याने माझ्या हातात बाटली दिली, मी ती खाली ठेवली. त्या उंचीवर पाणी न पिणं म्हणजे स्वतःहून आजारपण ओढवून घेणं, हे मला माहीत होतं, आणि सकाळपासून ऐकून ऐकून भाऊलाही माहीत होतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. माझी जीभ कोरडी पडली होती आणि मला भयंकर भीती वाटत होती, की त्याला आता मुराळ्याचा अर्थही आठवणार नाही. मी मनात त्याला शिव्या घातल्या, देवाला घातल्या, तळ्यालाही घातल्या.

मग भाऊने दोन्ही हात पुढे केले. "उठाड माले," तो म्हणाला.

बाकीच्यांना आम्ही वरच ठेवलं. वाटाड्याचा जोडीदार त्यांना सकाळी तळ्यावर नेणार होता. भाऊ खेचरावर, एका बाजूने वाटाड्या, दुसऱ्या बाजूने मी. पहिल्या उतारावर तो दोनदा ओकला. मधल्या ओढ्याच्या खाली आल्यावर त्याने विचारलं, "हाई खेचर कितलं वझं वाहस?" प्रश्न शहाण्या माणसाचा होता. मी पुढे तोंड करून चालत राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं. अंधार पडायच्या आत आम्ही गावात पोहोचलो. बटाटेवाल्या बाईने आम्हाला चुलीजवळ झोपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाऊ उठून बसला. त्याच्या पुढच्या दिवशी तो पाटाच्या कडेने काठी टेकत हिंडला आणि जॅकेटची चेन लावण्याचा प्रयोग त्याने मला मुद्दाम दोनदा करून दाखवला. संध्याकाळी आमचा गट वरून उतरला. सगळे उन्हाने रापलेले, सगळे एकदम बोलणारे. दुकानदाराने मोबाइल काढला आणि भाऊपुढे धरला.

"पहिले तिले," भाऊ म्हणाला.

मी मोबाइल घेतला. तळं हिरवट होतं. पलीकडच्या काठाला बर्फाची धार थेट पाण्यात उतरलेली, तिच्या अंगावर मळकट काळ्या रेघा. त्या रेघा मी फळ्यावर कधी काढल्या नव्हत्या, मला माहीतच नव्हत्या. मी एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसऱ्याला मला पुढचं दिसेनासं झालं. मी सगळ्यांदेखत रडायला लागले. गट हळूच आत गेला. लोकांना वाटलं, भाऊ वाचला म्हणून रडतेय. दोन दिवस मी तेच रडले होते. हे रडू निव्वळ तळ्याचं होतं.

भाऊला ते कळलं. तो पायरीवर माझ्या शेजारी बसला होता, हातात चहाचा पेला, श्वास सावकाश चाललेला.

"तळं तुले देखनं व्हतं," तो म्हणाला. "मी तं नुसता सोबतले उना व्हतू."

मी मोबाइल बाहीला पुसला.

"मन्हामुये ऱ्हायनं ना?"

आमच्या घरात अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मला पाठ आहे. असू दे, तुझ्यापेक्षा तळं मोठं का, जाऊ पुन्हा कधी. मी कितीतरी जणांना, कितीतरी गोष्टींसाठी ते म्हटलेलं आहे. त्या दिवशी ते तोंडात आलंच नाही.

"व्हय," मी म्हटलं. "तुन्हामुयेच ऱ्हायनं."

भाऊने मान हलवली आणि पेला खाली ठेवला. मी त्याच्यावर अगदी मनापासून चिडले होते, आणि चिडायला तो समोर होता.