सिस्टरांची होडी

सिस्टरांना कशाबद्दल शंका आली की त्या तिथे दोन बोटं टेकवायच्या आणि डोळे मिटायच्या. शीर शोधताना करतात तसं. मग जाहीर करायच्या, "इथं दुखतंय." माणूस असो, फणस असो की माझ्या वर्कशॉपचं शटर, तपासणी तीच.

त्यांना नाव होतं, पण महाडात ते कुणी वापरलं नाही. दवाखान्यातली नोकरी संपल्यावरही त्या सिस्टरच राहिल्या. आमच्याच गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. माझं वेल्डिंगचं दुकान समोर, त्यामुळे कुणाची विचारपूस करायला त्या निघाल्या की पहिला पेशंट मी असायचो. "डोळ्याला काच लाव आधी. मग बोलू."

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, कुडपणला. तिथे त्यांचे थोरले भाऊ गुरं राखून होते. आई लवकर गेली, तेव्हा याच दादांनी बहिणीला वाढवलं. नर्सिंगला निघाली त्या दिवशी तिची पेटी डोक्यावर घेऊन ते एसटीपर्यंत डोंगर उतरले होते. पुढे साखरेनं दादांचे डोळे गेले. बायको नव्हती, मुलगा मुंबईला. कुडपणला चार पावलं चुकली की खाली दरी. सिस्टर वर गेल्या आणि दादांना घेऊनच खाली आल्या.

दादांना महाड मानवलं नाही. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. दुकानात वेल्डिंग थांबलं की त्यांचा आवाज मला ऐकू यायचा. "मला वर सोड गो. हितं माझं काय काम हाय?"

"जेवून घे आधी," सिस्टर म्हणायच्या. बाहेर आल्या की मात्र माझ्या बाकड्यावर नुसत्याच बसून राहायच्या.

एकदा तुडीलला त्यांच्या ओळखीच्या एका होडीवाल्याकडे पूजा होती. दादांनाही नेलं. जेवणं झाल्यावर कुणीतरी त्यांना सावित्री नदीच्या काठावर बसवून हातात गळाची दोरी दिली, एवढंच. थोड्या वेळानं दादा ओरडले, "वढतोय! अगो, वढतोय!" मासा निसटला, पण दादा हसत होते. दादा महाडला आल्यापासून सिस्टरांनी ते हसणं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्या माझ्यापुढे उभ्या. "मला होडी हवी. आंधळ्याला बसता येईल अशी."

मी म्हटलं, "सिस्टर, नदीत मगरी आहेत."

"मगरी काठाला पडून असतात. म्हणूनच तर काठ नको."

त्यांना पोहता येत नव्हतं, हे सांगायलाच हवं. पण ते मी बोललो असतो तर माझ्यावरच दोन बोटं टेकली असती.

होडीवाल्याची एक जुनी पत्र्याची होडी टेम्पोत घालून माझ्या दारात आली. सपाट बुडाची, वाळू वाहून वाहून पोचे पडलेली. सपाट बूड चांगलं, एका बाजूला वजन पडलं तरी पटकन कलंडत नाही. पोचे ठोकून काढले, गळती बुजवली. मग सिस्टरांच्या मागण्या सुरू झाल्या. कडेनं हाताला लागेल असा पाइप हवा, म्हणजे दादा धरत धरत जागेवर जातील. खुर्चीला पाठ हवी. गळाच्या काठ्या उभ्या करायला दोन्ही बाजूंना नळीचे तुकडे. शिंगटी माशाचा काटा लागला की हात सुजतो, म्हणून मासा थेट सोडायला झाकणाची पेटी, तीही खुर्चीला टेकून.

"आणि कुठल्या बाजूचा गळ ओढला हे त्याला कळणार कसं?"

त्याचं उत्तर समोरच्या दारातून आलं. दादा पहिल्यांदाच खाटेवरून उठून तिथवर आले होते. "माझ्या गायीची घंटा हाय ना. ती उजवीकडं बांध. डावीकडं घुंगरू."

रंग वाळल्यावर सिस्टरांनी डोळ्यांवर ड्रेसिंगची पट्टी बांधली आणि दुकानासमोर ठेवलेल्या होडीत चढल्या. चाचपडत खुर्चीत बसल्या, काठी शोधली, पेटी उघडली. गल्ली जमली. कुणीतरी विचारलं, "सिस्टर, मुंबई किती लांब राहिली?" उतरताना त्यांचा गुडघा पाइपवर आपटला. पट्टी न काढताच त्यांनी दोन बोटं गुडघ्यावर ठेवली. "इथं दुखतंय." मग मला, "पाइप वळव."

पहिल्या दिवशी मीही तुडीलला गेलो. होडीवाला वल्ह्यावर बसला. दादांनी एक पाय आत टाकला, होडी हलली आणि ते थिजले. "बुडवतीस काय गो मला? घरी चल."

सिस्टरांनी आग्रह केला नाही. होडीत चढून पलीकडच्या टोकाला बसल्या. चेहऱ्याचा रंग मात्र पार उडाला होता. पाण्याची भीती दोघांनाही सारखीच. मग दादांचा हात पाइपला लागला. पाइपवरून सरकत खुर्चीपर्यंत गेला.

"तू बसलीस काय?" त्यांनी विचारलं.

"कधीच."

"मंग चला."

त्या दिवशी घंटा वाजली, घुंगरूही वाजलं. परत येताना दोघं बहीणभाऊ, नळावरच्या बायकांसारखे, एकमेकांचं न ऐकता बोलत होते.

पुढे दर आठवड्याला त्यांची फेरी ठरलेली. मासे गल्लीत वाटले जायचे. महाडला कंटाळल्याचं दादा बोलेनासे झाले.

मागच्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. दुपारी घरात खुर्चीत डुलकी लागली, ती तशीच. हृदयाचं दुखणं त्यांना आधीपासून होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आम्हा सगळ्यांना तपासणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं.

दादांचा मुलगा मुंबईहून आला. "चला बाबा माझ्याकडे. नाहीतर कुडपणला माणूस ठेवतो." दादांनी मान हलवली. "नाय. मला तुडीलला सोड. तितं मला काम हाय." होडीवाल्यानं आपली पडवी त्यांना दिली.

परवा कामानिमित्त तिकडे गेलो होतो. ऊन उतरत होतं. दादा खुर्चीत बसले होते, मागे होडीवाला वल्ही मारत होता. भरघोस मिशांचा, पन्नाशी ओलांडलेला गडी. दादांनी मान न वळवता सांगितलं, "गो, जरा डावीकडं घे."

होडीवाल्यानं होडी डावीकडे घेतली.