दोर मागितला, गाडी दाखवली

दोर मागितला की आमचा कंत्राटदार गाडी दाखवायचा. आज आठवलं तरी माझी कानशिलं तापतात. माणूस दोराच्या भरवशावर झाडावर चढतो आणि हा म्हणतो, "आता गाडी आलीय ना रे, दोर कशाला?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरमध्ये विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटायचं काम आमची टोळी करायची. टोळी म्हणजे वर चढणारे दोघं, माझे भावोजी आणि मी. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि या धंद्यात मला ओढणारेही तेच. खाली फांद्या ओढणारी माणसं रोज बदलायची. कंत्राटदार आमच्यातलाच, चामराजपेटेतला, घरात मराठी बोलणारा. त्यामुळे त्याला शिव्या घालायच्या तरी आधी 'अण्णा' म्हणावं लागे. रागावलेल्या माणसाची यासारखी दुसरी गैरसोय नाही.

आमचं सामान म्हणजे कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला आखूड दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी कडी. झाडावर जागा बदलली की पहिल्यांदा दोर फांदीभोवती टाकायचा, कडी पट्ट्यात अडकवायची आणि मगच कोयत्याला हात लावायचा. भावोजींनी हे माझ्या अंगात इतकं मुरवलं होतं की बसमध्ये उभा राहिलो तरी माझा हात कमरेशी कडी शोधायचा.

ते दोर जुने झाले होते. भावोजी कधीपासून नवे मागत होते. नवे दोर आले नाहीत, गाडी आली. जुनीच, कुठूनतरी मिळवलेली. मागे लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील अशी बादली. खालून दांडा ओढून ती वरखाली करणारा ड्रायव्हर कन्नडिग होता, तो तिला 'तोट्टिलु' म्हणायचा, म्हणजे पाळणा. मी पाहताक्षणीच त्या पाळण्याच्या प्रेमात पडलो.

चहाच्या टपरीवर रोज वाद व्हायचा.

"भावोजी, तुमचे गुडघे कुरकुरतात," मी म्हणायचो. "पाळण्यात उभं राहायचं, कापायचं, खाली यायचं. गुलमोहराची फांदी कशी कडाकन जाते, पाहिलंय ना तुम्ही? तिच्यावर पायसुद्धा द्यायला नको."

"गुलमोहराला आण की गाडी. नको कोण म्हणतंय?" भावोजी बशीतला चहा ओढत म्हणायचे. "पण गल्लीत शिरेल ती? परसातल्या झाडापाशी जाईल? तिथे मीच चढणार ना? मग माझा दोर कुठाय?"

"अण्णा, तुम्ही कोती," ड्रायव्हर हसायचा. कोती म्हणजे माकड. "कोतीला कशाला पाहिजे दोर?"

"माकडाच्या खाली ड्रायव्हर नसतो बाबा. तुझ्या त्या दांड्यावर माझा जीव, आणि तू विडी पेटवायला तोंड फिरवलंस की मग?"

मला हे सगळं म्हाताऱ्याचं कुरकुरणं वाटायचं. एकदा मी टपरीवर छाती काढून जाहीर केलं की आता दोराचे दिवस संपले. कंत्राटदार मागेच उभा होता. दुसऱ्या दिवशी भावोजींनी दोराचा विषय काढताच तो म्हणाला, "तुझा मेहुणाच म्हणतो ना, दोराचे दिवस संपले?" भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या आठवड्यात मी बहिणीच्या घरी जेवायला गेलो नाही.

मग गाडी कामाला लावायचा पहिला दिवस उजाडला. हमरस्त्यावरचं मोठं रेन ट्री. वीज बंद केलेली, बसेस थांबलेल्या, बघे जमलेले. मी पट्टा आवळला आणि वरातीतल्या नवरदेवासारखा बादलीत शिरलो. ड्रायव्हरने दांडा ओढला. गुडघ्याला न खरचटता मी थेट शेंड्याजवळ! वर पोचल्यावर मी सवयीने दोर फांदीभोवती टाकला, कडी अडकवली आणि कोयता उचलला. माझ्यासारख्या रोज चढणाऱ्याच्याच हातून होईल अशी ही चूक. उभा गाडीत आणि बांधलेला झाडाला! सुटे डहाळे सपासप उडवले, खाली टाळ्यासुद्धा पडल्या. मी ऐटीत हात हलवला, "सरी, इळिसि!" म्हणजे ठीक आहे, उतरव आता.

त्याने उतरवली. बादली खाली गेली. मी गेलो नाही.

पाय हवेत, पट्टा बरगड्यांशी, तोंड फांदीला चिकटलेलं. इंजिनाच्या आवाजात माझी बोंब ड्रायव्हरला ऐकू येईना. टपरीवरची अक्का हात कपाळाशी धरून विचारत होती, "ह्यांना खाली यायचं नाही का हो?" भावोजी धावत गेले, ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घातला आणि ओरडले, "निल्लिसो! थांबव! माझ्या बायकोचा भाऊ आहे तो!"

बादली पुन्हा वर येईपर्यंत मला तो दोर पाहण्यावाचून दुसरं काम नव्हतं. तो माझ्या नाकासमोर होता. बाहेरचे पीळ कधीच तुटून केसांसारखे पिंजारले होते. आत उरलेले काळे पडले होते आणि मी हललो की एकेक धागा टक् करून सुटत होता. रोज हाच दोर मी न बघता फांदीवर टाकत होतो. भावोजींचा तर याहून जुना होता. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण बादली पायाला लागली तसा भीतीच्या जागी असा संताप आला की उतरल्याबरोबर मी दोर काढून कंत्राटदाराच्या हातात कोंबला.

"अण्णा, हे बघा! ह्याच्यावर चढवता आम्हाला?"

त्याने बघितलंही नाही, दोर स्कूटरच्या डिकीत टाकला. हसत म्हणाला, "पट्टा नसता तर लटकला असतास का? म्हणजे चूक पट्ट्याचीच. पाळण्यात पट्टे बंद!"

बघे हसले. मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. भावोजींनी माझं मनगट धरलं होतं म्हणून तो वाचला.

पुढचं काम एका अरुंद गल्लीतलं. कौलारू घराच्या परसात आंबा आणि त्याची जाडजूड फांदी छपरावर कललेली, बुंध्यापाशी चिरलेली. गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली. कंत्राटदार भावोजींना म्हणाला, "जा, चढ. स्वल्प काम आहे."

"दोर द्या."

"आहे की तुझा."

भावोजी आंब्याखाली मांडी घालून बसले. मीही शेजारी बसलो. घरमालक आरडाओरडा करू लागला तसा कंत्राटदार स्कूटरवरून गेला आणि मागे एका माणसाला बसवून घेऊन आला. होसकोट्याकडचा, नारळावर चढणारा गडी. त्याच्याकडे ना पट्टा ना दोर. लुंगी खोचली आणि सरसर चढला. कंत्राटदार आमच्याकडे बघून म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतात कामाचा माणूस!"

तो गडी चिरलेल्या फांदीवर पाय टाकणार तोच भावोजी उठून गरजले, "ए तम्मा! इळि खाली! फांदी फाटलीय, दिसत नाही?"

"मला काही होत नाही अण्णा," तो वरून म्हणाला.

"होईल! आणि तू पडलास की हा इथूनच स्कूटर वळवील, तुझ्यासारखा दुसरा आणायला! तुझं नाव तरी विचारलंय का ह्याने?"

त्या गड्याने वरूनच कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदाराने घड्याळाकडे पाहिलं. गडी उतरला, लुंगी झटकली आणि आमच्या शेजारी येऊन बसला.

आता तिघं बसलेले आणि घरमालक कंत्राटदाराच्या अंगावर धावून जाणारा. शेवटी पाय आपटत कंत्राटदार पेठेत गेला आणि कोरा नायलॉनचा दोर घेऊन आला. भावोजींच्या मांडीवर फेकला. "घे. झालं समाधान? ऊठ आता."

भावोजींनी दोर उलगडला, दोन्ही हात पसरून वाव वाव ताणून पाहिला, पुन्हा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"चांगला आहे. हा ह्याचा. आणि माझा?"

"आणि नंदू?" होसकोट्याच्या गड्याने कन्नडमध्ये विचारलं, म्हणजे 'आणि माझा?'

कंत्राटदार लालबुंद झाला. "माजलात तुम्ही! आमच्यातले म्हणून काम दिलं आणि हे पांग फेडता?"

"आमच्यातले आहात ना अण्णा?" मी ओरडलो. आवाज फाटला माझा, पण थांबलो नाही. "मग चढा की तुम्ही! तो पिंजारलेला दोर आहेच तुमच्या डिकीत!"

तो चढला नाही. तणतणत स्कूटरकडे गेला आणि किक मारू लागला. स्कूटर सुरू होईना. किकवर किक मारून घामाघूम झाला, मग आमच्याकडे वळून पाहिलं. धक्का द्यायला आम्हा तिघांतला एकही उठला नाही.