न बंद होणारा नळ

"चावी कोणाकडं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कुणाचं लग्न ठरो, कुणाला नोकरी लागो, हातातली लांबलचक लोखंडी चावी आमच्या फाटकाला टेकवून ते विचारणार, "ते ठीक आहे, पण चावी कोणाकडं?"

ते आमच्या भागात पाणी सोडायचे. व्हॉल्व्हचा खड्डा नेमका आमच्या फाटकासमोर. आठवड्यातून एकदा सकाळी त्याचं झाकण सरकल्याचा आवाज आला की अख्खी गल्ली बादल्या घेऊन उठायची. तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, वेळ मात्र सगळ्यांना पाठ असते.

पस्तिशीत असताना माझा या माणसावर पक्का संशय होता. आपल्याला पाणी कमी, मागच्या गल्लीला जास्त. एकदा तर भिंतीवरचं घड्याळ काढून, पदराखाली धरून मी त्यांच्या मागं मागं फिरले. पदराखाली टिकटिकणारी बाई किती हुशार दिसत असेल, तुम्हीच बघा. दोन्ही गल्ल्यांची वेळ सारखी निघाली. शहाणी बाई गप्प घरी गेली असती. मी भर रस्त्यात म्हणाले, "म्हणजे उरलेलं तुमच्या घरी जात असणार. नदीच वाहत असेल तिथं."

ते रागावले नाहीत. "एकदा या बघायला, वहिनी," एवढंच म्हणाले. मी कशाला जाते? संशय घरबसल्या जास्त चांगला पोसता येतो.

पुढं वहिनीची आजी झाले आणि दोघं मिळून इतरांवर संशय घेऊ लागलो. त्यात आमचं छान जमायचं.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं जहाजाच्या सहलीचं काढलं. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, चार दिवस, सगळं घर. मुलगा चितेगावला कारखान्यात, एरवी जेवायला घरी येत नाही, आणि आता म्हणतो, "आई, तू पण चल." मला त्यातला 'पण' खटकला. रविवारपर्यंत काय ते सांगायचं होतं. मोठ्या नातीच्या वहीतला कागद फाडून मी मधोमध रेघ मारली. इकडं फायदे, तिकडं तोटे.

पाण्याच्या दिवशी कागद घेऊन फाटकात उभी राहिले. त्यांच्या हातात चहा दिला आणि वाचू लागले.

"फायदा पहिला. चार दिवस स्वयंपाक नाही."

"मग कोण रांधणार?"

"त्यांचे आचारी."

"भाकर येती का त्यांना?"

मी तोट्यांत 'भाकर' लिहिलं.

"फायदा दुसरा. सगळे एकत्र."

"एकत्र म्हंजी? तुमची खोली कोणासोबत?"

"नातींसोबत."

"दोन वर्षांची धाकटी बी?"

"ती पण."

त्यांनी चहा बशीत ओतला. "आजी, तुम्हाला नेतायत, का धाकटीला सांभाळणारी नेतायत?"

हे माझ्याही मनात होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार बरं वाटलं. ठळक अक्षरांत लिहिलं.

"फायदा तिसरा. पाणी चोवीस तास. समुद्राचंच गोड करून नळाला सोडतात."

बशी ओठांशी थांबली. "चावी कोणाकडं?"

"चावीच नाही. नळ कधी बंदच होत नाही म्हणे."

"असा नळ नसतोय आजी. लई फेकायलेत."

तोटे कागदाच्या खालच्या टोकाला पोचले होते. "मग नाहीच सांगते," मी म्हटलं.

ते खड्ड्यात चावी घालून वाकले होते. वर न बघता म्हणाले, "जा तुम्ही."

"अहो, आत्ताच तर..."

"तीस वर्षं झाली. सोडताना कोणी माझ्याकडं बघत नाय, बंद करताना सगळ्या बाया बघत्यात. असा नळ खरंच असला तर कोणीतरी बघून यायला पाहिजे. येताना बाटलीभर आणा. चवीवरून सांगतो, खरं का खोटं."

मी मुलाला होकार दिला. धाकटीबद्दलचा संशय खरा निघाला, ती चार दिवस माझ्याच कडेवर होती. तक्रार नाही. पण पहिल्या संध्याकाळी खोलीत बादली दिसेना, तेव्हा माझा धीर सुटला. मी दोन्ही ग्लास भरले, चहाची किटली भरली, बर्फाचं भांडं भरलं आणि लाडूंचा रिकामा डबासुद्धा भरून ठेवला. सकाळी खोली आवरायला आलेली मुलगी एकेक झाकण उचलून बघत राहिली. मी येता-जाता नळ सोडून बघायचे. तो एकदाही फुसफुसला नाही. शेवटच्या दिवशी बाटली भरून साडीत गुंडाळली.

परतल्यावर पाण्याच्या दिवशी फाटकात उभी राहिले. झाकणाचा आवाज आला, पण धाडकन. ते झाकण कधी आपटत नसत. खड्ड्याशी दुसराच माणूस होता.

"ते गेले ना, आजी. तुम्ही गावाला होता तेव्हा. छातीत दुखलं आणि संपलं."

पत्ता त्यालाच विचारला. बाटली घेऊन मी बिडकीनच्या रस्त्याला त्यांच्या वस्तीत गेले. शेवटी गेले बघायला. दारासमोर निळे ड्रम ओळीनं उभे, आणि नळ कुठंच दिसेना.

"हितं लाईनच आली नाय अजून," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "टँकर येतो. आज यायचाय."

आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो होता. मी बाटली पुढं केली, कुठली ते सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला.

"पाण्यात औषध कमी पडलंय, म्हणले असते ते." मग माझ्याकडं बघून, "आजी आल्या का, आजी आल्या का, सारखं चाललं व्हतं त्यांचं. नाय बंद झाला ना नळ?"

"एकदाही नाही. मी सारखी बघत होते."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती फोटोपाशी ठेवली.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. त्या पाइप घेऊन धावल्या. मी पदर खोचला आणि पहिल्या ड्रमचं झाकण काढून धरलं.