वन्संच्या गोळ्या आणि माझं कपभर पाणी

माझ्या मोठ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, घरात सगळे गोळीवाली म्हणतात. प्रयोगशाळेत त्या पिचकारीतून थेंब थेंब पाडतात. थेंब खालच्या क्षाराच्या पाण्यात पडला की त्याची मोहरीएवढी गोळी होते. आत मातीतले उपकारी जिवाणू. गोळी बियाण्याबरोबर पेरायची. मग ते जिवाणू मुळांशी घरोबा करतात आणि पाणी तुटलं तरी रोपाला तग धरायला लावतात. म्हणजे लावायला हवेत. गेली चार वर्षं गोळी वाळली की आतले जिवाणू मरत होते, आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, यंदा जमलं नाही तर काम बंद.

यंदा वन्संनी वाळवण्याआधी त्यात दुधाची भुकटी मिसळली. "माझी माणसं उपाशी कशी झोपतील?" म्हणाल्या. जिवाणूंना त्या माझी माणसं म्हणतात. आम्हाला कधी म्हटलेलं आठवत नाही.

प्रयोगशाळेच्या काचघराचं छप्पर नेमकं तेव्हाच गळायला लागलं. गळक्या छपराखाली दुष्काळाची परीक्षा कशी घेणार? म्हणून मक्याच्या बारा कुंड्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत आल्या. एका रांगेत जिवंत गोळ्या, दुसरीत रिकाम्या. कुठली रांग कुठली, ते फक्त साहेबांना ठाऊक. त्यांनी लिहून पाकीट चिकटवून टाकलं. बारा दिवस पाणी बंद. पहारेकरी मी.

सातव्या दिवशी डाव्या रांगेची पानं गुंडाळायला लागली. मला कुणी तहानलेलं बघवत नाही. त्या सहाही कुंड्यांत कपभर पाणी ओतलं आणि साळसूदपणे खाली आले.

बाराव्या दिवशी साहेब आले. डावी रांग आडवी, उजवी ताठ. ताठ रांग आपलीच असणार म्हणून वन्सं टाळ्या पिटायला लागल्या. साहेब पाकीट फोडणार तोच मी बोलून टाकलं, "डाव्या रांगेला मी पाणी घातलं होतं. एकदाच. कपभर."

वन्संचा चेहरा उतरला. त्यांची चार वर्षं मी एका कपात बुडवली, असं वाटून मला रडूच फुटलं.

"उजव्या रांगेला नाही ना घातलंस?" त्यांनी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही."

साहेबांनी पाकीट फोडलं. डावीकडे रिकाम्या गोळ्या होत्या.

पाणी पिऊनही डावी झोपली होती आणि कोरडी उजवी उभी होती! वन्सं मटकन खाली बसल्या आणि हसत सुटल्या. साहेब हसले, मी डोळे पुसत हसले, आणि कोण पडलं बघायला माझा नवरा धावत वर आला.

"काम चालू राहील," साहेब म्हणाले, "पण परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल."

"आणि ही?" वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांच्यासाठी तिसरी रांग ठेवू. रोज पाणी द्यायची."

आता रोज सकाळी मी राजरोस कप घेऊन गच्चीवर जाते. वन्सं दारात उभ्या राहून माझा हात तिसऱ्याच रांगेवर आहे ना, ते बघतात.