सात गुणांचा सत्कार

तिकडे मुलाने जॅकेट काढलं, की इकडे काका स्वेटर काढायचे.

मुलगा निखिल युरोपात, समुद्रकाठच्या एका छोट्या शहराच्या बास्केटबॉल क्लबात. काका मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या आपल्या बेसमेंटमध्ये, टीव्हीसमोर. कोचने निखिलला बेंचवरून उठवलं की काकाही उठायचे, स्वेटरची नीट घडी घालायचे आणि तो परत बसेपर्यंत उभे राहायचे. पाय दुखायची वेळ येत नसे. निखिल लवकरच बसायचा.

"बेंच तर बेंच," काका म्हणायचे, "पण युरोपातला आहे."

"बेंचवरच बसायचं होतं, तर आपल्या घरामागच्या पॅटिओवर एक रिकामा आहे की," जिन्यातून काकूंचा आवाज यायचा.

असे एक काका तुमच्याही महाराष्ट्र मंडळात असतील. गाडीच्या कंपनीतून रिटायर झालेले, कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारे आणि फोटोच्या वेळी नेमके गायब होणारे. आमचे काका माझ्यापासून दोन घरं सोडून राहायचे. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे मॅचच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या बेसमेंटमध्ये 'वर्क फ्रॉम होम' करायचो. घर कुणाचं, हे कंपनीने कधी विचारलं नाही.

बास्केटबॉलमधलं मला शून्य कळतं. मी नागपूरचा, क्रिकेटवर वाढलेला. ज्याचे गुण जास्त तो जिंकला, एवढं ध्यानात आल्यावर मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. एकदा मीटिंगमध्ये म्यूट करायचं विसरलो आणि "अरे पास दे ना, गाढवा" हे थेट मॅनेजरच्या कानात गेलं. बिचारीला 'पास' एवढंच कळलं. तिने माझी पाळी सोडून पुढच्याला बोलायला सांगितलं.

निखिल बहुतेक शेवटी खेळायचा. निकाल लागल्यात जमा असतो, मग कोच राखीव पोरांना उतरवतो, तेव्हा. एकदा फोनवर तो म्हणाला, "बाबा, यू डोन्ट हॅव टू वॉच दॅट. इट्स जस्ट गार्बेज टाइम."

काका मला म्हणाले, "बघ, आयुष्यभर वेळेची किंमत सांगत फिरलो. माझं सगळं सुख आता गार्बेज टाइममध्ये आहे."

हे सुख सहज आलेलं नव्हतं. निखिलने चांगली नोकरी नाकारून बास्केटबॉल धरलं, तेव्हा काका त्याच्याशी बोलायचे थांबले होते. पुढे बोलणं सुरू झालं ते हवामानावर. मग या माणसाने साठी उलटल्यावर बास्केटबॉल शिकायला घेतलं. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघून. हळूहळू मॅच संपली की तिकडून फोन यायला लागला. खरं सांगायचं तर काका त्या फोनसाठी मॅच बघायचे. फोनवर पोराच्या चुकलेल्या शॉटचा विषय मात्र काढायचे नाहीत. "चुकलेलं त्याला माहीत असतं," म्हणायचे. "आपण ते बोलायचं नाही."

या सीझनला निखिलचा क्लब एका युरोपियन स्पर्धेच्या बाद फेरीत पोचला. पुढची फेरी गाठली तर काका-काकू तिकडे जाणार होते. मुलाला समोर खेळताना ते पहिल्यांदाच बघणार होते. तिकिटं काढून झाली होती.

बाद फेरीच्या मॅचच्या दिवशी माझ्या प्रोजेक्टचं रिलीज, म्हणून मला ऑफिसला जावं लागलं. कॅफेटेरियात फोनवर, आवाज बंद करून, शेवटची मिनिटं पाहिली. आपण सात गुणांनी पुढे. निखिल मैदानात. शेवटच्या क्षणी कोपऱ्यातून त्याने लांबून शॉट मारला, बॉल रिंगवरून बाहेर पडला. मी मनात म्हटलं, एवढं पुढे असताना याला कशाला हौस? मॅच संपली. आपली पोरं जमिनीवर बसली, कुणी टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मला वाटलं, आनंदाश्रू.

काकांना फोन केला, उचलला नाही. मी समजलो, अभिनंदनाचे फोन चालू असणार.

शनिवारी मंडळाचा पाडवा होता आणि सूत्रसंचालक कोण, तर मीच. सरप्राइज द्यायचं ठरवलं. ग्रोसरीतून नारळ आणला, बायकोच्या कपाटातून कोरी शाल काढली, ढोल-ताशावाल्या पोरांना सांगून ठेवलं. माइकवर म्हणालो, "आपल्या ट्रॉयच्या मुलाने परवा युरोपातलं मैदान मारलं. आता पुढची फेरी, आणि काका-काकू निघाले तिकडे. काका, या वर या."

काका जागचे हलेनात. लोकांनी उठवून आणले. ढोल वाजले. मी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, माइक दिला. काकांनी सभागृहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. "निखिल चांगला खेळला," एवढंच म्हणाले आणि हात जोडले. मी ते विनयाच्या खात्यात टाकलं. व्हिडिओ तिथल्या तिथे पोस्ट केला. निखिलला टॅग करायलाही विसरलो नाही.

जेवणाच्या रांगेत काकू माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"बेरीज येते ना रे तुला? आयटीत आहेस ना?"

"का हो काकू?"

"आधी त्यांच्या गावात नऊने हरलो होतो. परवा निखिलच्या गावात सातने जिंकलो. या फेरीत दोन्ही मॅचचे गुण एकत्र धरतात. बाहेर पडलो आपण. तो शेवटचा शॉट तीन गुणांचा होता. गेला असता तर पुढे गेलो असतो."

काकांनी हे मला आधीच समजावलं होतं. मी मानही डोलावली होती. तेव्हा कानात मीटिंग चालू होती.

"मग काका स्टेजवर बोलले का नाहीत?"

"सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायचं? त्यांना जमतं का ते?"

हातातलं ताट ठेवून मी आधी तो पोस्ट केलेला व्हिडिओ काढून टाकला. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. काकूंनी बोटानेच बेसमेंट दाखवलं. काका सोफ्यावर बसले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. निखिलचा मेसेज होता: 'डिड यू ईव्हन वॉच, बाबा?'

"मी सांगतो त्याला," मी म्हणालो. "माझा गाढवपणा आहे. मी आत्ता फोन करतो."

"तू नको. त्याने तुला विचारलं नाहीये."

मग त्यांनी नंबर लावला, स्पीकरवर. "निखिल, ऐक. मध्ये बोलू नको. तू डाव्या कॉर्नरला होतास. बॉल आला तेव्हा ओपन होतास. पण तू बॉल आधी खाली घेतलास, कंबरेपर्यंत, मग वर नेलास. तेवढ्यात तो उंच माणूस अंगावर आला, म्हणून शॉट फ्लॅट गेला. कॅप्टन टॉपला, रिंगच्या बरोबर समोर, एकटा होता. हात वर करून उभा होता. तू पाहिलं नाहीस."



"येस," निखिल म्हणाला. "आय शुड हॅव पास्ड."

"हो," काका म्हणाले. "पास करायला हवा होतास."

जो विषय हा माणूस कधी काढत नव्हता, तो माझ्यामुळे त्याला पोरासमोर एकेक करून मांडावा लागला. मी एव्हाना मागे सरकून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होतो, आणि वर जाण्यासाठी पाऊल टाकलं तर लाकूड वाजेल म्हणून हललो नाही.

ती स्पर्धा संपली, तरी क्लबचे तिकडच्या देशातल्या लीगमधले सामने उरले होते. काकांनी तिकिटं बदलून घेतली आणि दोघं गेले. लीग संपली, ते अजून परतलेले नाहीत. त्यांच्या लॉनचं गवत मी कापतो. कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात काकूंनी एक फोटो पाठवला. रिकामं कोर्ट. काका कॉर्नरमध्ये उभे राहून जमिनीकडे बोट दाखवताहेत, आणि साडेसहा फुटांचा निखिल गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, ती जागा बघतोय. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

सकाळच्या नमस्कारापासून अपघाताच्या व्हिडिओपर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणारा माणूस मी. तो फोटो कुणाला पाठवला नाही.