तालमीतलं मत

भोंगाताईंचा आवाज असा, की त्या घरात कुजबुजल्या तरी शेजारी "ओ" द्यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. मग तिथे रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि ताईंची बदली नगरपालिकेच्या निवडणूक शाखेत झाली. काम काय, तर लोकांना मतदानाला आणणं. "गाडी सुटते म्हटलं की माणसं धावतात हो. मतदानाला कुठलं एवढं नशीब!" असं म्हणून त्या हसायच्या, पण कामात हयगय नाही.

त्यांच्याच वस्तीतल्या शाळेचं मतदान केंद्र बंद करायचं घाटत होतं. मागच्या खेपेला तिथले अधिकारी दिवसभर माश्या मारत बसले होते. शाखेचे साहेब म्हणाले, "उड्डाणपुलापलीकडच्या केंद्राला जोडून टाकू." जोडू म्हणे! तो पूल चढताना धडधाकट माणसाला धाप लागते, मग ताईंच्या सासूबाईंसारख्या गुडघे धरलेल्यांनी काय करायचं? मत द्यायचंच सोडायचं की! ताईंनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. "एक निवडणूक द्या मला. शाळेच्या फाटकाबाहेर रांग नाही लागली, तर खुशाल कुलूप ठोका."

साहेबांनी दिली. ताई घरोघर फिरल्या, घोडं कुठं अडतंय ते बघायला. लोक पुढाऱ्यांवर रुसलेत अशी सगळ्यांची समजूत. कसलं काय! निम्म्यांना लाज वाटत होती. शिक्का कुठे मारायचा, घडी कशी घालायची, चुकलं तर चारचौघांत हसं व्हायचं. म्हणून ताईंनी आदल्या रविवारी शाळेत रंगीत तालीम ठेवली. टेबलं मांडली, पडदा लावला, पेटी ठेवली, बोटाला शिक्क्याची शाईसुद्धा लावली. मत द्यायचं ते एवढ्यावरच, की बागेचं फाटक निळं रंगवावं की हिरवं. अख्खी वस्ती लोटली. सासूबाई तर ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. साहेबांनी पाठ थोपटली, आणि ताईंना वाटलं, जिंकलो!

मतदानाचा दिवस उजाडला, सकाळ सरली, दुपार कलली, तरी शाळेत काळं कुत्रं फिरकेना. ताईंनी कर्णा घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. लोक खिडकीतून हसून हात हलवायचे आणि आत जायचे. शेवटी त्या तणतणत घरी आल्या, तर सासूबाई पाय पसरून टीव्ही बघत होत्या.

"अहो आई, मत द्यायला चला ना!"

"दिलं की रविवारी."

"ती तालीम होती!"

"तालीम-बिलीम मला शिकवू नकोस. पडद्यामागे गेले, शिक्का मारला, पेटीत टाकलं. बोटाला शाई तूच लावलीस."

"गेली ना ती धुऊन!"

"शाई गेली म्हणून मत जातं का गं? आणि दोनदा मत देणं गुन्हा आहे, हे तूच ओरडत होतीस. जन्मात कुणाच्या काडीला हात लावला नाही मी. आता म्हातारपणी चोरटं मत देऊ?"

ताईंनी कपाळावर हात मारला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! वस्ती आळशी नव्हती, रुसलेलीही नव्हती. प्रामाणिक होती मेली! जो जितका सरळ, तो तितका घरात घट्ट बसलेला. त्या धावत शाळेत गेल्या. ऐकून साहेबांचा चेहराच उतरला. "आता पत्रक छापायलाही वेळ नाही, ताई."

"पत्रक कशाला? मला तालमीची पेटी द्या."

ती पेटी त्यांनी भर चौकात उपडी केली आणि एकेक चिठ्ठी उचलून पुकारायला लागल्या. "निळं! हिरवं! पुन्हा निळं!" खिडक्या उघडल्या, माणसं खाली आली. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "अहो, आमचं गुप्त मत चव्हाट्यावर वाचताय? लाज वाटते का?"

"वाचा की तुम्हीच! आहे यावर एका तरी उमेदवाराचं नाव? फाटकाचा रंग आहे, फाटकाचा!"

न्हाव्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "मग माझं खरं मत?"

"तुमच्याजवळच आहे अजून. संध्याकाळी सहापर्यंत."

न्हावी विचार करत राहिला, पण त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलसकट शाळेकडे पळालं. त्यामागे न्हावी, न्हाव्यामागे चौक. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "अगं, मला धरून ने की, भवाने!"

सहा वाजले. दार बंद होताना जे रांगेत असतील, त्या सगळ्यांना मत देता येतं. मागून कुणी घुसू नये म्हणून अधिकारी रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतो. साहेब नेहमीचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन शेवटचा माणूस शोधायला निघाले. फाटकाबाहेर पडले, चौक ओलांडला, कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले. ताई फाटकाशी मान ताठ करून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यापलीकडून साहेबांची हाक आली. "ताई, चिठ्ठ्या संपल्या! आणखी कापून पाठवा!"