गाण्याआधीचं हसणं

माझी मावशी जुन्या व्हिडिओ गेमच्या सीडींच्या प्रती करायची. संग्रहालयाच्या तळघरात तिची खोली होती. खिडकी नाही, टेबलावर दोन ड्राइव्ह, एक वाकवता येणारा दिवा आणि मऊ फडक्यांचा गठ्ठा. सीडी मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही, हे तिने मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

"कॉपी काय, कोणीही करतं की," मी एकदा म्हणाले.

"कोणीही करतं ती नक्कल. मला जशीच्या तशी हवी. मुळात चूक असेल तर चुकीसकट."

म्हणून ती प्रत्येक सीडी दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये वाचायची. दोन्ही प्रतींचा यंत्र एकेक लांबलचक आकडा काढून देई. कुठे तीळभर फरक असला तरी आकडे जुळत नसत आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुळले की स्वारी खूश.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ध्वनिमुद्रण करायचे. गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. ती कंपनी कधीच बंद पडली आणि काकाही गेले. घरात त्यांनी कायम मिठाची गुळणी धरलेली. जेवताना "वाढ" आणि "पुरे", संपला संवाद. आई म्हणायची, "त्यांच्यापेक्षा भिंतीशी बोलावं, निदान आवाज घुमून परत तरी येतो." मावशी यावर हसायची. स्वभावच तो, म्हणायची. रागावत नाहीत, मारत नाहीत, आणखी काय हवं?

एक दिवस कोणीतरी दिलेल्या खोक्यातून त्या कंपनीचा एक गेम तिच्या टेबलावर आला. होड्यांच्या शर्यतीचा. त्याची गाणी त्याच सीडीवर होती. पहिल्या गाण्याआधी काही सेकंदांची मोकळी जागा असते. साध्या कॉपीत ती गळून जाते. मावशीच्या प्रतीत काहीच गळत नसे. तपासायला म्हणून तिने हेडफोन लावले.

खुर्ची करकरली. कोणीतरी पुटपुटलं. आणि एक माणूस खो खो हसायला लागला. गळा मोकळा सोडून, श्वास पुरेनासा होईपर्यंत. मग, "अरे बास, बास! पोट दुखायला लागलं!" आणि गाणं सुरू.

तो आवाज काकांचा होता.

तिने मला बोलावून घेतलं. मी ऐकलं आणि विचारलं, "हे... काका?"

"नाही ना ओळखता आलं? मलाही बोलण्यावरून कळलं. हसण्यावरून नाही." ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तेव्हा मनात म्हणत होते, देवा, जुळू देऊ नकोस. जुळला गं आकडा."

तो पुटपुटणारा कोण, हा भुंगा तिच्या डोक्यात शिरला. कंपनीत चित्रं काढणारे एक गृहस्थ मुलीकडे राहत होते, त्यांचा पत्ता तिने शोधला. मी सोबत गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"हा तर आमचा ढोल!"

"ढोल?" मावशी म्हणाली.

"हसायला लागला की मजला हादरायचा, म्हणून ढोल. आणि तो मागे बोलतोय ना, तो मीच."

"काय सांगितलं होतंत, की एवढे हसले?"

"आता काय आठवणार, ताई? तो रोजच हसायचा. काहीही सांगा, हसायचा."

"हो ना," मावशी म्हणाली, जणू तिला ठाऊकच होतं. चहाचा कप तिने शेवटच्या घोटापर्यंत संपवला. जिना उतरताना मात्र मध्येच कठडा धरून थांबली. खालून दोन माणसं वर गेली, तिने त्यांना वाट दिली, आणि तरी तिथेच उभी.

संग्रहालयाच्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी समजुतीने घेतलं. "तेवढे सेकंद वगळा हवं तर. गेमला काही फरक पडत नाही. कोणाला कळणार आहे?"

"मग ती ही सीडी राहणार नाही," मावशी म्हणाली आणि पूर्ण प्रत कपाटात ठेवली.

पुढे तो गेम वरच्या दालनात लोकांना खेळायला ठेवला. शेजारी गाण्याआधीचं ते हसणंही ऐकायला ठेवलं होतं, ते ऐकून अनोळखी माणसंही हसायची. मावशी त्या दालनातून जायचं टाळायची. मागच्या जिन्याने ये-जा करायची.

मध्यंतरी एका दुपारी मी तिच्या घरी गेले होते. ती ओट्याशी भाजी चिरत होती. चिरता चिरता सुरी थांबली, मान बाहेरच्या खोलीकडे वळली.

"काय झालं?"

"काही नाही. येतो हल्ली तो हसण्याचा आवाज. मी इथे असले की तिकडून येतो."

मीही तिकडे पाहिलं. "भीती नाही वाटत?"

"भीती कसली? घरचंच माणूस." तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "फक्त मी त्या खोलीत गेले की थांबतो."